पावलं किती

फक्की मारणं हे माझं काम.
सकाळी सहाला सुतळी ताणतो,
डालड्याच्या डब्याला खिळ्यानं पाडलेली भोकं,
मुरमावर पांढरी रेघ माझ्या मागं मागं येत राहते.
दारव्ह्याच्या कॉलेजात तेवीस वर्षं.
खेळ मला कळत नाही असं सगळे धरून चालतात,
मीही चालू देतो.

परवा आपल्या पोरी एका गुणानं मागं,
उरले सात सेकंद.
रक्षा आत्रामनं डावीकडून बॉल काढला.
उमरखेडची ती उंच पोरगी पुढ्यात हात पसरून उभी,
अन् रक्षा तिच्या काखेखालून निघाली
शेळी काटेरी कुंपणातून निघते तशी,
अंगाला काही न लागता.
बॉल जाळीतून खाली आला
(जाळी अर्धीच आहे, उरलेली माकडांनी नेली)
तोवर ढोमणे सरांची शिट्टी वाजून गेली होती.
दोन्ही मुठी छातीपुढं गरागरा फिरवल्या त्यांनी.
ट्रॅव्हलिंग.

लांजेवारच्या टपरीवर रात्री साडेनऊपर्यंत तेच.
"दोनच पावलं होते ना बे!"
"तीन. म्या मोजले."
"तू तं भजे खाऊन रायला होता."
रज्जाक टेलरनं गळ्यातला टेप काढून बाकावर पसरला,
त्यावर दोन बोटं चालवली:
"हे एक, हे दोन. अन् हे मागचं,
बॉल हातात पुरा यायच्या आधीचं. ते धरतच नाई."
"काहून नाई धरत? पाय तं पायच असते."
कंडक्टर इंगोले चहा फुंकत म्हणाले,
"फूटबोर्डवर पाय ठेवला म्हून तिकीट फाडत नाई मी.
गाडी हालली का मंग फाडतो."
हे कुणाच्या बाजूचं बोलले ते कुणालाच कळलं नाही,
पण बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग कुणीतरी ढोमणे सरांच्या सासुरवाडीवर घसरलं.
ती उमरखेडकडची निघाली.

ठवकर, रिटायर तलाठी, चष्मा पुसत उठले.
"जागेवर जाऊ. मुरूम खोटं नाई बोलत."
नऊ जण, सहा मोबाइलचे उजेड.
किल्ली माझ्याकडं, म्हणून मी पुढं.
खांबाखाली सगळे वाकले.
खराट्याचे ओरखडे, इकडून तिकडं, सारखे.
एका कुत्र्याचे पंजे, ताजे.
"वाल्मिक भाऊ, झाडलं का तुमी?"
"रोजच झाडतो."
"पुरावा नष्ट केला ना बाप्पा," ठवकर म्हणाले,
अन् खरोखर दुखावलेले दिसले.

त्यांना सांगितलं नाही.
झाडण्याआधी मी तिथं बसलो होतो, उकिडवा,
ऊन बांधावर टेकेपर्यंत.
रक्षाचा जोडा मी ओळखतो,
डाव्याचा तळ अंगठ्याखाली फाटका.
पहिला ठसा माझ्या रेघेवर, फक्की सांडलेली.
दुसरा खोल.
तिसरा नुसत्या चवड्याचा, तिथून पुढं ती हवेत.
तीन.
पण पहिल्या ठशाच्या वेळी
बॉल हातात होता का जमिनीवरून येत होता,
ते मुरूम सांगत नाही.
पाय उमटतो. हातातला बॉल उमटत नाही.
ढोमणे सरांना एक डोळ्याची पापणी एवढा वेळ होता,
वरून पश्चिमेचं ऊन.
मला अख्खी संध्याकाळ होती.
तरी खराटा हातात घेऊन मी तसाच.

आज सुतळी घेऊन गेलो तर ती आधीच आलेली.
बॉल नाही. नुसतीच धावत यायची खांबाकडं,
उडायची, परत जायची.
फक्कीचा डबा मी खाली ठेवला.
"काका," ती दमलेल्या आवाजात म्हणाली,
"उभे हाव तं मोजा ना."
मी मोजायला लागलो.
पहिल्याच खेपेला चुकलो.
"परत ये," म्हटलं.